अनाजी पांचाळाचा हात

खूप वर्षं झाली त्या गोष्टीला. तळसर गावात विजेचे खांब नुकतेच उभे राहिले होते आणि दिवा लागला की माणसं त्याला हात जोडत. तेव्हा गावात अनाजी पांचाळ रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचे हात कधी थांबत नसत, असं म्हणतात. जेवतानासुद्धा त्याची बोटं ताटाच्या काठावर तार गुंडाळल्यासारखी फिरत.

जुन्या रेडिओंच्या सामानातून त्यानं एक पेटी बनवली. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर आकड्यांची चकती आणि बाहेर पितळेच्या दोन नळ्या. आजाऱ्यानं दोन्ही हातांत नळ्या धरायच्या, अनाजीनं चकती फिरवायची. प्रत्येक दुखण्याचा आपला एक कंप असतो, त्याचा आकडा सापडला की दुखणं अंग सोडतं, असं तो सांगे. नियम एकच होता. पेटी गुणगुणत असेपर्यंत आजाऱ्याला कुणी शिवायचं नाही, नाहीतर कंप दुसऱ्याच्या अंगात शिरून वाया जातो.

लोक येत. कुणाची अर्धशिशी एकशे बारावर थांबली, कुणाची कंबर तीनशे चाळीसवर मोकळी झाली, असं म्हणतात. म्हातारी गोदाकाकू म्हणाली, "पांचाळा, माझ्या गुडघ्याचा आकडा तेवढा लिहून दे. जावयाच्या कपाळावर चिकटवते, तोही जरा हलेल." सगळे हसले. अनाजी हसला नाही. तो पुढच्या आकड्यावर गेला होता.

मग त्याची बायको द्वारका तापानं पडली. सोमवारच्या बाजाराला तालुक्याहून डॉक्टर येत. त्यांनी तिला तपासलं आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगितलं. अनाजीनं दोन दिवस मागून घेतले. थोडेच आकडे उरलेत, म्हणाला. द्वारकेनं नळ्या हातात घेतल्या.

दोन दिवसांचे चार झाले. त्याला जेवण नाही, पाठ टेकणं नाही. चकती एकेक आकडा पुढे सरकत होती. असं म्हणतात, त्या चार दिवसांत गावातली गुरं खाली बसली नाहीत आणि बंद पडलेले रेडिओ घराघरांत आपोआप घरघरत राहिले. शेजाऱ्यांनी दारात गाडी जुंपून ठेवली. बैल पाय आपटत होते. अनाजी म्हणे, एवढा एक आकडा.

पाचव्या दिवशी दुपारी द्वारका म्हणाली, "अहो, ती चकती सोडा. माझा हात धरा."

"सापडत आलाय गं. आत्ता शिवलो तर सगळं वाया जाईल."

"जाऊ दे. चार दिवस मला कुणी शिवलेलं नाही."

अनाजीचा हात थांबला. त्यानं तिच्या मुठींतून नळ्या काढल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. त्याच क्षणी पेटीतून कधी कुणी ऐकला नव्हता असा स्वर निघाला. धक्क्यानं पेटीची विजेची तार भिंतीतून उपटली गेली होती, तरी पेटी गात होती, असं म्हणतात. विहिरींचं पाणी थरथरलं. गुरं एकदम खाली बसली. चकती कुठल्या आकड्यावर थांबली होती, ते अनाजीनं मान वळवून पाहिलं नाही. त्यानं तिला गाडीत घेतलं आणि हात धरून बसला. दवाखाना दिसू लागला तेव्हा तिचा हात गार झाला होता.

पुढे लोकांनी त्याला तो आकडा पुष्कळदा विचारला. "मी पाहिला नाही," एवढंच तो सांगे. त्यानं पेटी मोडली, पण बोटं थांबली नाहीत, पायही थांबले नाहीत. आसपासच्या वाड्यांवर कुणी आजारी पडलं की निरोप जाण्याआधी तो दारात उभा असे. आधी गाडी जुंपायला लावी, मग आजाऱ्याचे हात धरी. तेवढ्यापुरती त्याची बोटं स्थिर होत. एकाच दिवशी तो तीन गावांना तीन गाड्यांत दिसला, असं म्हणतात. तो कुठे आणि कधी गेला, ते कुणालाच ठाऊक नाही.

तळसरात आजही कुणाला ताप चढला की आधी गाडी बोलावतात. मग घरातलं एक माणूस पुढे होऊन आजाऱ्याचे दोन्ही हात धरतं आणि वाटेत सोडत नाही. त्याला अनाजीचा हात म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही ते ठाऊक आहे. असे हात धरून कुणी आलं की त्या विचारतात, "तळसरचे का?" आणि दोघांनाही आत घेतात.