चार घाव

“...पण मग डोळे कधी उघडू, तात्या?”

दिगंबर हे चौथ्यांदा विचारत होता. गावी त्याने घडवलेली देवी तयार होती. फक्त डोळे कोरायचे राहिले होते. गुरूने हो म्हटल्याशिवाय मूर्तीचे डोळे उघडायचे नाहीत, ही पाथरवटांची त्यांच्याकडची रीत. आणि प्रतिष्ठापना पंधरा दिवसांवर आली होती.

पण तात्या, म्हणजे त्याचे गुरू अंतोबा पाथरवट, हो म्हणत नव्हते.

हे बोलणं चाललं होतं इटलीतल्या एका संग्रहालयात. दिगंबरला तिकडच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं होतं. म्हाताऱ्या गुरूला त्याने सोबत आणलं होतं, थोडं जग दाखवायला आणि बरंचसं स्वतः मिरवायला.

समोर पाचशे वर्षांपूर्वीचा संगमरवरी पुरुष उभा होता. अर्धाच. छाती आणि एक गुडघा दगडाबाहेर, बाकीचा आत. चेहऱ्याच्या जागी नुसता ओबडधोबड दगड.

“एवढा मोठा कारागीर म्हणे,” दिगंबर म्हणाला, “आणि काम अर्धवट टाकलं.”

“तू पुरं केलं असतंस व्हय?”

“डाव्या खांद्यावर चार घाव. मोकळा झाला असता बिचारा.”

“चारच?”

“चारच. माझा हात तुम्हाला ठाऊक आहे.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

खाणीत दगड पारखताना कान लावतात, तसा या दगडाला लाव, अशी अंतोबांनी खूण केली.

पहारेकरी पाठमोरा होता. दिगंबर हसत वाकला आणि त्याने कान दगडाजवळ नेला.

टक्.

त्याचं हसू मावळलं.

टक्... टक्...

“तात्या... आत कुणीतरी हाय.”

“हं.”

“छिन्नी चालतीया.”

टक्.

चार झाले. दिगंबर सरळ झाला. त्याचा डावा खांदा ठणकत होता. कोटावर, बरोबर त्याच खांद्यावर, पांढरी भुकटी पडली होती. तिच्यात नखाएवढी एक कपची.

त्याने वर पाहिलं. छत लाकडी होतं.

खरं सांगायचं तर तो भ्याला. बावीस वर्षं दगडाशी झटलेला माणूस, पण त्याचे पाय जागचे हलेनात.

अंतोबांनी ती भुकटी फुंकरीने उडवली, घरी मूर्तीवरची उडवायचे तशीच. मग ते दोन पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटून दिगंबरकडे पाहत राहिले.

“तात्या, आत कोण हाय?”

“तू हाईस. खांदा बरा सुटलाय दगडातनं.”

“...आणि डोळे?”

“आता तिकडंच येईल त्यो कारागीर. हलू नगंस.”