चुलीतला पाहुणा

भांडी माणसांपेक्षा जास्त बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका सकाळी चूल फुरफुरू लागली.

"चूल फुरफुरली, म्हणजे पाहुणे येणार!" तवा आनंदाने म्हणाला. परातीने पीठ वाढवून घेतलं. तांब्या पाणी भरून दाराशी जाऊन बसला.

चिमट्याला मात्र चैन पडेना. एरवीची फुरफुर थांबत थांबत यायची. आजची सलग होती आणि हळूहळू बारीक होत चालली होती. "तवादादा, जळणात काहीतरी आहे," तो म्हणाला.

"शुभ वेळी अभद्र बोलू नकोस," तवा डाफरला. "फुंकणीबाई, घाला फुंकर! पाहुण्यांना गरम भाकरी नको का?"

फुंकणीने जोर लावला. जाळ भडकला, तसा चिमटा थेट आत घुसला आणि एक पोकळ लाकूड त्याने बाहेर ओढलं. लाकडाच्या भोकातून एक काळा भुंगा धडपडत निघाला. त्याचे पंख करपले होते.

"केव्हाचा हाका मारतोय," तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात तांब्या दारातून ओरडला, "अरे, वाटेवर तर कुणीच दिसत नाही!"

"पाणी घेऊन आत ये," चिमटा म्हणाला. "पाहुणा सकाळीच आलाय."