पांढऱ्या पट्ट्याआडून

चिपळूणला जिउ-जित्सू ही कुस्तीसारखी झुंज शिकवणारे सर अचानक दुबईला गेले आणि पोरं पांगली. मुकुंद आयरे तेवढे उरले. त्यांचं शिकून झालं होतं, पण कमरेचा पट्टा सगळ्यात खालचा, पांढराच राहिला; वरचा द्यायला सगळ्यात वरच्या, काळ्या पट्ट्याचा गुरूच लागतो. नऊ वर्षं ते रोज मॅट पुसायचे आणि चिंध्यांनी भरलेल्या पोत्याशी झुंजायचे.

एकदा पुण्याहून काळ्या पट्ट्याचे रणधीर सर एका शिष्याला घेऊन शिबिर घ्यायला आले. आयऱ्यांना बघून हसले. "काका, या वयात पांढरा? मागे बसा. पट्टा बघितला की मला कळतं, कोण किती पाण्यात आहे."

"मग न बघताही कळेल की, सर." आयऱ्यांनी आपला पट्टा सोडून सरांच्या डोळ्यांवर बांधला. "मी आणि तुमचा हा माझ्याहून वरच्या, जांभळ्या पट्ट्याचा शिष्य आळीपाळीने येतो. कोण कुठला ते सांगा."

पहिल्याने मान अशी आवळली, की सरांनी खेळाच्या रिवाजाप्रमाणे त्याचा खांदा थोपटून हार मानली. दुसऱ्याला सरांनी सहज दाबलं.

"पहिला माझा जांभळा!" म्हणत त्यांनी डोळ्यांवरचा पट्टा काढला. 'पहिला मी' म्हणून हात वर केला होता आयऱ्यांनी.

ओशाळलेल्या सरांनी बॅगेतून नवा जांभळा पट्टा काढला. "घ्या काका. हक्काचा आहे."

"तो राहू द्या. त्यापेक्षा पुढच्या रविवारी परत या," आयरे म्हणाले. "नऊ वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझा खांदा थोपटला. पोतं थोपटत नाही, सर."