बोटभर विरजण

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनातून रुसला. रुसवा साधासुधा नव्हता. गाठोडे बांधून निघून जाण्यापर्यंत मजल गेली होती.

गुरू म्हणजे माळावरच्या एका छोट्या प्रार्थनामंदिराचे वृद्ध पाळक. सारे त्यांना बाबा म्हणत. शिष्य तिशी ओलांडलेला, शिकलेला, घरदार मागे ठेवून त्यांच्यापाशी राहायला आलेला. ख्रिस्ताच्या शिकवणीतली एक गोष्ट त्याच्या काळजाला भिडली होती. माणूस याच देहात, आतून, पुन्हा जन्म घेऊ शकतो, ही ती गोष्ट. त्या नव्या जन्मासाठीच तो आला होता, आणि नेमका तोच काही केल्या होत नव्हता.

प्रयत्नांत मात्र त्याने कसूर ठेवली नव्हती. पहाटे उठावे, गुडघे टेकावेत, उपास करावेत, मौन पाळावे. पण मौन सुटले की पहिला शब्द तिखटच निघे. शेजारच्या कडूबाईच्या म्हशीने दोडक्याचा वेल ओरबाडला, तेव्हा तर प्रार्थनेवरून उठून आलेला हा साधक त्या बाईला अख्ख्या माळाला ऐकू जाईल असे अद्वातद्वा बोलला. मग स्वतःचीच लाज वाटून आणखी एक उपास. उपासाने पित्त खवळे आणि पित्ताने पुन्हा राग. बाप्तिस्म्याचा, म्हणजे नव्या जन्माची खूण म्हणून पाण्यात बुडी घेण्याचा, दिवस जवळ आला की हा दरवेळी म्हणे, "बाबा, या खेपेला नको. मी अजून लायक झालो नाही."

यंदा त्याने तेही म्हटले नाही. रविवारी नदीवर बाप्तिस्मा व्हायचा होता. हा हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी जातो. तो नवा जन्म माझ्यासारख्यासाठी नाही. उगाच तुमचं अन्न खातोय."

"जायचं तर जा लेकरा, माझी ना नाही," बाबा म्हणाले. "पण इतके दिवस राहिलास. जाण्याआधी मला एकदा तुझ्या हातचं दही खाऊ घाल."

एवढेच ना, असे शिष्याला वाटले. तेवढ्यात बाबांनी शिंक्यावरचे मडके खाली घेतले. तळाशी थोडे दही उरले होते. ते त्यांनी बोटाने निपटून खाल्ले. मग मडके राखेने घासले, उकळत्या पाण्याने विसळले आणि उन्हात पालथे घातले. "हं, आता लाव दही," असे म्हणून ते काठी टेकत बाहेर निघून गेले.

शिष्य पाहतच राहिला. घरातल्या विरजणाचा शेवटचा कण पोटात घालून हा माणूस दही लावायला सांगतो! साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटे नाही, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

पण तोही हट्टाला पेटला. गाईचे दूध काढून त्याने मंद आचेवर इतके आटवले की वर जाड साय धरली. मडके झाकून ठेवले. सकाळी पाहतो तर दूध ते दूधच, फक्त जरा दाट. पुढच्या खेपेला लिंबू पिळले, तर चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. कुणीतरी कधी सांगितलेले आठवून देठासकट मिरची टाकून पाहिली. मडक्यात तार सुटणारे, आंबूस असे काहीतरी तयार झाले. बाबांनी ते चाखले, तोंड वाकडे केले नि म्हणाले, "याला दही म्हटलं तर दही रागवेल."

"विरजणाशिवाय दही होत नाही, बाबा!" शिष्य वैतागून ओरडला.

"मग आण की."

"कुठून आणू?"

बाबांनी काठी उचलून दाखवले. माळावर दुसरे घर एकच होते, कडूबाईचे.

त्या बाईच्या दारात जायचे, आणि तेही मागायला! दिवसभर शिष्याने नसती कामे काढली. लाकडे फोडली, अंगण दोनदा झाडले. शेवटी सूर्य कलल्यावर वाटी उपरण्याखाली दडवून तो निघाला.

कडूबाई नुकताच दिवा लावून उंबऱ्याशी बसली होती. हा उभा राहिला आणि म्हणाला, "म्हैस बरी आहे ना?"

कडूबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "म्हैस बरी हाय. आज तिची लई काळजी लागली तुमाला. काय काम काढलं?"

"काही नाही, सहजच आलो."

"सहज? मंग उपरण्याखाली काय हाय? ताकाला आलात नि भांडं लपवताय व्हय!"

शिष्याचे कान तापले. "थोडं विरजण हवं होतं," तो कसाबसा पुटपुटला.

"आता? दिवा लागल्यावर दही घराभाईर देत न्हाईत आमच्यात."

बरोबरच आहे, त्याला वाटले. आपल्यासारख्याला कुणी द्यावे तरी का? तो वळला. पायरी उतरतो न उतरतो तोच मागून हाक आली.

"अवो, थांबा की! बाबांच्या घरात इरजण न्हाई म्हंजी काय? देवाच्या दारी जायचं त्याला कसली आलीय दिवेलागण? कुठंय ते भांडं?"

त्याने वाटी पुढे केली. "कडूबाई, त्या दिवशी मी तुम्हाला फार वाईट बोललो," त्याने कसेतरी सांगून टाकले.

"त्या येलाला पुन्यांदा दोडकी धरली का न्हाई?"

"धरली."

"मंग झालं तर," असे म्हणून तिने वाटीत दही घातले. नाव कडूबाई, पण जीभ गोड आणि हात त्याहून गोड.

घरी येऊन त्याने दूध कोमट केले, विरजण कालवले, मडके झाकले. मग चैन पडेना. जरा वेळाने झाकण उचलून पाही, मडके हलवून पाही. बाबांनी त्याचा हात धरला. "आता हात लावू नकोस. तुझं काम संपलं. लागतंय त्याला लागू दे."

सकाळी झाकण काढले तर दही असे लागले होते की मडके तिरके केले तरी हलेना. बाबांनी वाटीभर खाल्ले, देवाचे आभार मानले आणि शिष्याला समोर बसवले.

"हे मडकं बघ. हे आपलं शरीर. तू ते उपासांनी, जाग्रणांनी घासत आलास. चांगलंच केलंस, घाणेरड्या मडक्यात दही लागत नाही. पण घासून घासून मडक्याचं दही होतं का? आता दूध घे. ते म्हणजे आपला जीव. आपली बुद्धी, आपली माया, आपला राग, आपले निश्चय सगळे त्यात आले. तू ते दूध आटवत राहिलास. आटवून दूध दाट झालं, त्याला दुसरा गुण आला नाही."

"मग आत्मा कुठला, बाबा?"

"पाण्यात विरजण घातलं तर दही होईल का? नाही. दुधातच दही होण्याजोगं काहीतरी निजलेलं असतं. देवानं प्रत्येक माणसात तशी एक जागा ठेवलेली आहे. तो आत्मा. पण तो आपला आपण जागा होत नाही. जे आधीच जिवंत आहे, त्याचा स्पर्श त्याला बाहेरून व्हावा लागतो. कडूबाईला विरजण तिच्या सासूकडून मिळालं, सासूला आणखी कुणाकडून. जगात कुणीही पहिलं विरजण स्वतःच्या घरी बनवलेलं नाही, बाळा. सगळ्यांना ते मिळालेलंच आहे. प्रभू येशूचं जीवन असंच मिळतं. पवित्र आत्मा बोटभर आत आला तरी अख्खं मडकं पालटतो. दूध तेवढंच, मडकंही तेच, पण ते पुन्हा दूध होत नाही."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. "म्हणजे माझे उपास, माझी पहाट, सगळं फुकट गेलं?"

"दही लागलं म्हणून कुणी मडकं फोडतं का? शरीर हवं, जीव हवा, सगळं देवाचंच आहे. फक्त विरजणाचं काम त्यांना सांगू नकोस."

"पण बाबा, मी लायक नाही. मला माझा स्वभाव ठाऊक आहे."

"कडूबाईनं काल तुझी लायकी विचारली?"

शिष्य हळूच म्हणाला, "नाही. भांडं कुठंय, एवढंच विचारलं."

"देवही तेवढंच विचारतो," बाबा म्हणाले.

शिष्याला एकदम उमगले. इतकी वर्षे तो देवाच्या दारात भांडे लपवून उभा होता, आणि वर देव देत नाही म्हणून रुसला होता. तो लहान मुलासारखा रडला, आणि बाबांनी त्याला रडू दिले.

रविवारी सारे नदीवर जमले. त्या पहाटेच गाईने लाथ मारून दूध सांडले होते आणि शिष्य तिच्यावर चांगलाच ओरडला होता. म्हणजे सांगण्यासारखी तयारी काहीच नव्हती. तो कमरेइतक्या पाण्यात बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"तयार आहेस?" बाबांनी विचारले.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "पण द्या."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी त्यांनी त्याला पाण्याखाली नेले आणि वर आणले.

नंतर बराच वेळ शिष्य काठावरच्या दगडावर ओलेत्यानेच बसून होता. प्रार्थनेला बसला की त्याच्यापाशी मागण्यांची मोठी रास असे. आज मागावे असे काही आठवेना. मिळाले आहे, एवढेच त्याला कळत होते, आणि तो नुसते आभार मानत राहिला.