साळुंकीचा अडलेला शब्द

रानातली सगळी जनावरं-पाखरं एकच भाषा बोलत, तेव्हाची ही गोष्ट. मंजुळा साळुंकी सावरीच्या शेंड्यावर बसून हरणांच्या कळपासाठी पहारा करी. एकदा तिचा घसा बसला. तेव्हापासून शब्दाच्या शेवटी स्वर असला तर तो नीट निघे; व्यंजन असलं की ते घशातच अडके. 'पाणी' ठीक येई, 'झाड'चं मात्र 'झा' होई. पहारा दुसऱ्या कुणाकडे जाईल या भीतीनं तिनं हे कोणालाच सांगितलं नाही. दिवसभर तिचा जीव टांगणीला लागलेला असे.

एके सकाळी उंच गवतात पिवळे-काळे पट्टे हलले. मंजुळेनं ते पाहिलं. ती ओरडली, "वा! वा!"

खाली ठिपकी हरणीचं पाडस उड्या मारत होतं. ठिपकी हसली. "बघ रे, मंजुळामावशी तुझं कौतुक करतेय!"

पाडसानं आणखी मोठी उडी मारली, ती नेमकी त्या गवताच्या दिशेनं.

मंजुळा जीव तोडून तोच शब्द म्हणत राहिली. 'घ' काही बाहेर येईना. वाघ दबा धरून बसला. आता त्या शब्दाचा हट्ट सोडायलाच हवा होता. ती थेट ठिपकीच्या पाठीवर झेपावली आणि किंचाळली, "पळा! पळा!"

कळप उधळला. वाघाचा पंजा पाडसाच्या शेपटीला घासून गेला.

ओढ्यापलीकडे मंजुळेनं रडत, अडखळत सगळं सांगितलं. ठिपकी धापा टाकत पाडसाला चाटत होती.

"अगं, आधी सांगायचंस ना," ती म्हणाली. "आता नुसतं 'पळा' म्हणत जा. कोण आलंय ते आम्ही पळता पळता बघू."