काचेवरचा अंगठा

“पण काच धुरकट झालीच कशी?”

विश्वेशने पुन्हा विचारलं. उपाध्ये डॉक्टरांनी दिवा खाली ओढला आणि गाडी उजेडात धरली.

तळहातावर मावेल एवढी गाडी. आकाशी रंगाची फियाट. तिचं तयार किट कुठे मिळेना, म्हणून विश्वेशने, माझ्या नवऱ्याने, दोन परदेशी गाड्यांची प्लास्टिकची किटं कापली. एकीचं छप्पर, दुसरीचं नाक, मधल्या फटीत भरलेली लांबी, आणि वर दिवसचे दिवस पॉलिशपेपर. आमच्या लग्नानंतरच्या बहुतेक संध्याकाळी घरात पॉलिशपेपरचाच आवाज होता.

डॉक्टर निवृत्त दंतवैद्य. सांगलीतला दवाखाना त्यांनी बंद केला, पण हत्यारं ठेवली आणि पेशंटची खुर्चीही ठेवली. त्या हत्यारांनी ते आता छोट्या गाड्या करतात. शिकायला येईल त्याला त्याच खुर्चीत बसवतात. तिथे बसलं की माणूस आपोआप कमी बोलतो. माझा नवरा सोडून.

हातमोज्यांशिवाय आपण गाडीला हात लावत नाही, काच तर चिमट्यानेच उचलतो, हे त्याने डॉक्टरांना पुन्हा एकदा ऐकवलं. इतकं नीट काम तुमच्याही एखाद्या गाडीत नसेल, असंही म्हणाला. म्हणजे हसत म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत.

“आतला आरसा कशाने चिकटवलास?”

विश्वेश खुर्चीत सरळ बसला.

“पटकन सुकतो त्या गोंदाने.”

“मी कुठला सांगितला होता?”

“पांढरा. पण त्याला रात्रभर लागते. उद्या अण्णांचा वाढदिवस आहे, डॉक्टर.”

“आणि चिकटवून लगेच डब्यात बंद केलीस.”

“...धूळ बसू नये म्हणून.”

“त्या गोंदाची वाफ निघते. कोंडली की काचेवर बसते. आणि आधी कुणाचं बोट लागलं असेल, तिथे जास्त बसते.”

मी पदराशी चाळा करत होते, तो थांबवला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. फियाट त्यांची. मी घरात आले आणि गाडी घरातून गेली, दोन्ही एकाच महिन्यात. अण्णांची नजर कमी झाली होती, चढावर एकदा थोडक्यात वाचले होते, म्हणून विश्वेशने गाडी विकून टाकली. अण्णा एका लग्नाला कोल्हापूरला गेले होते तेव्हा. विचारलं असतं तर हो म्हणाले नसते, हे त्याचं म्हणणं; डॉक्टरांनाही त्याने हेच सांगितलं होतं. ते खरंच होतं.

तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात. “त्याला सांग, गॅस संपलाय.” “त्यांना सांग, मी बघतोय.” दोघं एकाच ताटलीतली चटणी वाढून घेत असतात तेव्हासुद्धा. माहेरी आईने विचारलं, सासरी काय काम पडतं? म्हटलं, टपालाचं.

गाडी अण्णांपुढे ठेवली की ते बोलतील, असं विश्वेशने धरलं होतं. मला तसं सांगितलं नव्हतं. पण रात्री झोपेत माणूस बोटं अशी हलवतो, जणू काही चिकटवतोय, तेव्हा कळतं.

आज सकाळी त्याने डबा उघडला. पुढच्या काचेवर आतून पांढरं धुकं. आणि ड्रायव्हरच्या बाजूला, धुक्यापेक्षा पांढरा, एक अंगठा.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या टेबलाजवळ जाणारं घरात दुसरं कोण आहे?

तो अंगठा मी ओळखला होता. मधोमध तिरकी चीर, दोन तुकडे जोडल्यासारखा. रोज सकाळी चहाची बशी देते तेव्हा तोच अंगठा बशीच्या कडेवर असतो.

काच सुटी होती तेव्हा टेबलावर असायची, वर पालथी वाटी. दुपारी मी धुणं वाळत घालून यायचे, तर वाटी थोडी सरकलेली. मला वाटायचं, मांजर. आमच्याकडे मांजर नाही.

सांगावं तर उद्याच्या दिवशी घरात भांडण. न सांगावं तर दोष माझा. दोन्हीकडचं टपाल पोचवणाऱ्याने मधलं पाकीट फोडू नये, म्हणून मी गप्प होते.

“हिने लावला असणार हात,” विश्वेश खुर्चीतून म्हणाला. “म्हणजे, चुकून.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. मग त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं.

“वाच.”

“काय वाचू?”

“लिहिलंय ते.”

त्याने भिंग लावलं. दिव्याचा प्रकाश त्याच्या तोंडावर पडला होता. दात दुखणाऱ्या माणसासारखा तो डोळे बारीक करून बघत राहिला.

“मोठा आहे,” तो म्हणाला. “हिचा नाही.”

“पुढे.”

“मध्ये रेघ आहे. ओरखडा गेलाय काचेवर.”

“ओरखडा ठशाबाहेर जातो का?”

“...नाही. ठशातच संपतो.”

मग त्याने भिंग आणखी जवळ नेलं. मला वाटलं, आता चिडेल. आता उठेल, घरी जाईल...

“स्टेपनी बदलत होतो,” तो म्हणाला. आवाज वेगळाच होता. “आंबा घाटात. मी सातवी-आठवीत असेन. पाना माझ्या हातातून सटकला.”

डॉक्टरांनी दिवा थोडा बाजूला केला.

“अण्णा रागावले नाहीत. अंगठ्याला फडकं गुंडाळलं आणि तसेच घरापर्यंत गाडी चालवत आले.”

भिंग त्याच्या मांडीवर आलं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

डॉक्टरांनी खण उघडला. एका डबीतून नवी काच काढली, विश्वेशची कापताना जोडीला करून ठेवलेली. स्वच्छ, तशीच. ती गाडीशेजारी ठेवली. तिच्या शेजारी चिमटा. चिमट्याशेजारी पांढऱ्या गोंदाची बाटली.

“रात्रभर सुकेल,” ते म्हणाले. “सकाळी तयार.”

विश्वेशने चिमटा उचलला. जुन्या काचेच्या कडेला टेकवला.

त्याने चिमटा खाली ठेवला.

“काढली तर गाडी नीट होईल,” तो म्हणाला. “नाही काढली तर...”

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं.

“काय करू, डॉक्टर?”

डॉक्टरांनी गाडी कापसावर ठेवून डबा बंद केला. झाकण सैल ठेवलं, हवा जायला. नवी काच कागदात गुंडाळून डब्यावर ठेवली.

विश्वेश सवयीने माझ्याकडे वळला.

“तू अण्णांना विचारशील का, की ही काच...”

मीही सवयीने हात पुढे केले.

डॉक्टरांनी डबा माझ्या हातांवरून पलीकडे नेला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“मागच्या वेळी अण्णांना न विचारता गाडीतून उतरवलंस,” ते म्हणाले. “या वेळी तूच विचार, बसायचंय का.”