सिनेमातले गुरुजी आणि सहावीचा वर्ग

"सर, शाळा सुटल्यावर घरी येऊन तुम्ही काय करायचात?"

सरोदे सर ओट्यावर बसून मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांचा जुना विद्यार्थी निरंजन भारंबे पायरीवर टेकून उत्तराची वाट बघत राहिला. पुण्याहून गाडी हाकत तो रावेरकडच्या या गावी आला होता तो एवढं एक विचारायलाच.

"तू काय करतोस, सिनेमा सुटल्यावर?" सर म्हणाले.

निरंजनला हसू आलं नाही. तो दमला होता. शाळेवरचे तीन सिनेमे त्याच्या नावावर होते. तिन्हींत एक गुरुजी, तिन्हींत एक वाया गेलेला वर्ग, आणि तिन्हींच्या शेवटी असं एक भाषण, की थिएटरातले लोक डोळे पुसत बाहेर पडत. लोक म्हणत, शाळा दाखवावी तर भारंब्यांनी. आता चौथा लिहायला घेतला होता, तर त्याचा शेवटच सापडेना. जो लिहावा तो वाचताना खोटा वाटे.

आणि त्यातच नाशिकला एका खेळानंतर कुणी एक शिक्षिका त्याच्यासोबत फोटो काढायला आली होती. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली. फोटो काढून झाल्यावर तिनं सहज विचारलं होतं, "तुमच्या सिनेमातले हे गुरुजी घरी गेल्यावर काय करतात हो?"

त्याला उत्तर देता आलं नव्हतं. बाई हसून निघून गेली. प्रश्न मात्र तळपायात काटा मोडावा तसा राहिला.

"माझा मागचा सिनेमा बघितलात तुम्ही?" त्यानं विचारलं.

"बघितला. गणपतीत पडदा लावला होता पोरांनी."

"कसा वाटला?"

"आवाज स्वच्छ होता."

"आणि गुरुजी?"

सरांनी एक जून काडी बाजूला टाकली.

"किती वेळाचा आहे रे तो?"

"सव्वादोन तास."

"तेवढ्यात तो दमतो कुठं?"

निरंजननं आठवून बघितलं. गुरुजी पुरातून चालत येतो. पाटलाशी भांडतो. उपाशी राहतो. पण दमत...

"दमत नाही, सर."

"सुखी आहे बिचारा."

रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. त्याची धूळ मेथीवर बसू नये म्हणून सरांनी परातीवर हात धरला.

"सर, मला शिकवायचंय," निरंजन एकदम म्हणाला. "सिनेमा नको. खरोखरीच्या वर्गात. तुम्ही म्हणाल तिथं."

आपलं हे वाक्य त्याचं त्यालाच आवडलं. हे बोलताना आपला चेहरा कसा दिसत असेल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

सरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. उतारवयात डोळ्यांना जो एक पांढुरकेपणा येतो, तो त्यांच्या डोळ्यांत होता.

"आपल्या शाळेत सहावीच्या बाई रजेवर आहेत. गणित राहिलंय पोरांचं. मी हेडमास्तरांना सांगतो. उद्यापासून जा."

"काय शिकवू?"

"अपूर्णांकांची बेरीज."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरंजन सरांकडच्या मुक्कामी परतला तो जवळजवळ धावतच.

"सर! काय वर्ग झाला म्हणून सांगू! मी त्यांना म्हटलं, तुमच्यातला प्रत्येक जण म्हणजे एक दिवा आहे. पोरं टकामका बघत होती. शेवटी टाळ्या, सर. दोन मुली तर रडल्या."

सर चूल पेटवत होते. गॅस होता, पण वांगी भाजायला त्यांना चूलच लागे.

"अपूर्णांकांची बेरीज आली?"

"ते... आज जरा वातावरण तयार केलं."

"बरं."

एवढंच म्हणून सर फुंकणीनं जाळ करू लागले. निरंजनला जेवताना वाटत राहिलं की सरांना हेवा वाटला असावा. म्हाताऱ्या माणसाला वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्यावर गणित मांडलं, तर पोरांनी गलका केला. "सर, ते दिव्याचं सांगा ना पुन्हा!" त्यानं पुन्हा सांगितलं. त्या दिवशी टाळ्या पडल्या, पण रडलं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या आधीच वाक्य पुरं केलं, आणि वर्ग फिदीफिदी हसला.

"सर, आता?" त्यानं संध्याकाळी विचारलं.

"आता तुझ्याजवळचं संपलं. उद्या गणित शिकव."

मग त्यानं गणित शिकवायला घेतलं. छेद सारखे असले की पोरं पटापट उत्तर देत. छेद वेगळे आले की सगळा वर्ग एका सुरात चुके. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? वर्ग ओरडे, "दोन छेद पाच!" तो खोडे, पुन्हा सांगे. पोरं मान डोलावत. नवं उदाहरण घातलं की पुन्हा तेच. वरचे वर मिळवा, खालचे खाली मिळवा.

पोरांना त्याचं नवल उरलं नव्हतं. तो वर्गात शिरला की ती रेंगाळत उठत, "नमस्ते सर" ओढत म्हणत आणि बसत. उन्हं पत्र्यावर चढत. हातातला खडू घामानं ओला होई. घसा बसायला लागला होता. चौथ्या सिनेमाच्या निर्मात्याचा फोन खिशात थरथरे आणि आपोआप थांबे.

खिडकीजवळच्या बाकावर कावेरी नावाची मुलगी होती. ती रोज झोपायची. तास अर्धा झाला की कपाळ बाकावर टेकायचं, वेणी वहीवर पडायची.

निरंजनच्या मनात पुढचं सगळं चित्र उभं राहिलं. पहाटेच्या अंधारात केळीचे घड वाहणारी मुलगी. अंथरुणाला खिळलेली आई. चुलीपाशी उघडं पुस्तक. आपल्याला हवा होता तो शेवट हाच तर नसेल?

सुट्टीत त्यानं तिला बाजूला बोलावलं. तिच्यापुढे उकिडवा बसला. गळा भरून आला होता, तो त्यानं भरू दिला.

"कावेरी, मला खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही. तू वर्गात का झोपतेस, बेटा?"

कावेरीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"सांगू?"

"सांग."

"रागावणार नाही?"

"मुळीच नाही."

"तुमचा आवाज ऐकला का मला झोप येऊन जाते, सर."

संध्याकाळी त्यानं हे सरांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सर हसायला लागले. एवढे हसले की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि निरंजनला उठून त्यांची पाठ चोळावी लागली. कुडत्याखाली नुसती हाडं हाताला लागली.

"आई आजारी नाही तिची?" धाप आवरत सरांनी विचारलं.

"नाही. धडधाकट आहे. डबा द्यायला शाळेत आली होती."

"वाईट झालं," सर म्हणाले, आणि पुन्हा हसले.

निरंजनला राग यायला हवा होता. आला नाही. राग यायलाही अंगात काही उरावं लागतं. तो गुपचूप जेवला आणि आडवा झाला.

*

शुक्रवारी दुपारचा तास होता. निरंजननं फळ्यावर तेच गणित पुन्हा लिहिलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. आवाज चढवायची ताकद नव्हती, म्हणून तो हळू बोलत होता.

"दोन छेद पाच," वर्ग म्हणाला.

त्यानं खोडलं नाही. का खोडलं नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हातच उचलेना. तो टेबलाला टेकून फळ्याकडे बघत उभा राहिला. पोरं आपापसात कुजबुजायला लागली. मागं कुणीतरी बोरं वाटली.

"सर..."

खिडकीपासचा आवाज. कावेरीच्या गालावर वहीच्या तारेचा वळ उमटला होता. आताच उठली असावी.

"काय गं?"

"हे चुकलंय."

"कसं?"

ती फळ्याकडे बघत राहिली. डोळे अजून झोपाळलेले होते.

"आधी अर्धी भाकरी घेतली. मग अजून घेतली, एका भाकरीचे तीन वाटे करून त्यातला एक. तर अर्धीपेक्षा जास्त व्हायला पाहिजे ना? दोन छेद पाच तर अर्धीपेक्षा कमी आहे. पाचातले अडीच म्हणजे अर्धे. हे तर दोनच आहेत..."

निरंजन तिच्या बाकाकडे गेला.

"अजून खाल्ल्यावर कमी कशी होईल?" ती स्वतःशीच म्हणाली. मग वहीत मान घातली. दोन आयत काढले. एकाचे दोन भाग केले, एकाचे तीन. थांबली. मग दोन्हींचे सहा सहा केले. बोटानं मोजलं. पाच छेद सहा लिहिलं, आणि त्याखाली पट्टी न घेता रेघ मारली.

निरंजन तिच्या बाकाशी उभा राहून हे सगळं बघत होता. आजूबाजूला कुणाचंच लक्ष नव्हतं. दोघं बोरांवरून भांडत होते. शेजारची मुलगी नखावरची मेंदी खरवडत होती. कुठून वाऱ्याची झुळूक आली नाही की काही नाही.

त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

कावेरीनं वर बघितलं.

"सर, घंटा झाली का?"

*

तो परत आला तेव्हा सर ओट्यावरच होते. निरंजन त्यांच्याजवळून तसाच आत गेला आणि बुटांसकट बाजेवर पडला. शर्टाला खडू लागलेला होता. डोळे उघडे होते, पण तो कशाकडेच बघत नव्हता.

सरांनी विचारलं नाही. त्यांनी तांब्या भरून आणला, बाजेखाली ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले.



"आमची ही चिडायची," सर म्हणाले. "मी असाच येऊन पडायचो. ही विचारायची, आज काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. आणि खरंच, सांगण्यासारखं काही नसायचं. हिला वाटायचं, मी लपवतो. म्हणायची, आवाज सगळा शाळेत ठेवून येता, घरी नुसता सदरा येतो."

निरंजननं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"सगळा जन्म असाच गेला रे. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता बोलू हिच्याशी. दोन पावसाळे मिळाले..."

सर थांबले. कोनाड्यात त्यांच्या पत्नीचा फोटो होता. त्याला हार नव्हता, रोज पुसलेला मात्र दिसत होता.

"सर, हे मला माहीत नव्हतं."

"तू सहावीत होतास."

निरंजन उठून बसला. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला. घशातून खरखर येत होती. त्यानं कावेरीची गोष्ट सांगितली. सांगताना हात हलवले नाहीत, मध्ये थांबला नाही. चार वाक्यांत संपली.

"बाकीच्यांना कळलं?" सरांनी विचारलं.

"नाही. एकटीलाच. आणि मी शिकवलं म्हणून कळलं असंही नाही. मी गप्प बसलो होतो."

"का बसलास?"

"दमलो होतो, सर."

सरांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग हात पुढे करून त्यांनी निरंजनच्या बुटाची नाडी सोडली. निरंजन एकदम पाय मागे घ्यायला लागला, पण सरांनी घोटा धरून ठेवला. एक बूट काढला. दुसरा काढला. दोन्ही उंबऱ्याबाहेर नेऊन जोडीनं ठेवले आणि येऊन पुन्हा भिंतीला टेकले.

निरंजनला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. नुसतं जड वाटत राहिलं, आणि ते जड वाटणं त्याला नकोसं झालं नाही.

बाहेर उन्हं कलली. शेजारी कुणीतरी कोंबड्या कोंडत होतं.

"उद्याचा शेवटचा दिवस, सर," तो म्हणाला. "सोमवारी बाई हजर होतायत."

"हं."

"सिनेमा असता तर मला माहीत होतं काय करायचं. तिथं शेवटच्या दिवशी गुरुजी बोलतो. गाव गोळा होतं..." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "उद्या मी पोरांना काय सांगू?"

सरांनी भिंतीला डोकं टेकलं.

"एवढे दिवस त्यांच्यासमोर उभा राहिलो. काहीतरी तर द्यायला पाहिजे ना जाताना?"

सरांचे डोळे मिटले होते. झोपले की काय असं वाटावं इतका वेळ गेला...

"गृहपाठ दे."

"गृहपाठ?" निरंजन त्यांच्याकडे बघत राहिला. "पण सर, सोमवारी मी इथं नसेन. तपासायला कोण आहे?"

सरांनी डोळे उघडले नाहीत.

"मग जरा अवघड दे."